बॅटरी उतरते म्हणून डायनामो बदलावा काय?

सकाळी ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी आणि सेल्फमधून नुसता ‘टक्’ असा आवाज यावा, हा अनुभव जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांस नवा नाही. त्यानंतर बहुधा घडते ते असे : बॅटरी काढून तालुक्याच्या गावी नेण्यात येते, रात्रभर चार्जिंगला लावण्यात येते, चार-सहा दिवस काम चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग कोणी तरी जाणता सांगतो की, डायनामो गेला. डायनामो काढून दुकानी दिला जातो, वर काही रक्कम मोजली जाते आणि बदल्यात दुसरा, रंग मारून चकचकीत केलेला ‘रिबिल्ट’ नग बसविला जातो. तो टिकला तर प्रश्न मिटला. न टिकला तर दुकानदार बॅटरीस बोल लावतो, बॅटरीवाला वायरिंगला लावतो, वायरिंग करणारा चालकाला लावतो. पैसे मात्र प्रत्येक वेळी शेतकऱ्याचेच जातात.

या सर्व व्यवहारात एक गोष्ट सहसा होत नाही, ती म्हणजे मोजमाप. भाग काढण्यापूर्वी कोणी व्होल्ट मोजत नाही आणि दुसरा बसविल्यानंतरही मोजत नाही. रिबिल्ट भागांविरुद्ध जी ओरड ऐकू येते तीत तथ्य आहे. परंतु त्यापैकी पुष्कळशी ओरड न केलेल्या मोजणीची आहे, हे स्पष्टपणे सांगावयास हवे.

प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. जुन्या बनावटीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले म्हणजे त्यास विजेची गरज उरत नाही. त्यामुळे चार्जिंग बंद पडले आहे, हे दिवसभर नांगरट करूनही ध्यानात येत नाही. (५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे नवे नियम लागू झाले आणि त्यांतील कित्येक इंजिनांचा इंधनपुरवठा इलेक्ट्रॉनिक झाला; तेथे वीज संपली की इंजिनही थांबते.) बॅटरी उतरल्याचे सकाळी कळते, आणि मग ट्रॅक्टर उतारावर उभा करून ठेवणे किंवा खाली उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना टेकवून ठिणगी पाडणे, असे उपाय सुरू होतात. यांतील दुसरा उपाय प्राणघातक आहे. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिलेला असेल तर इंजिन सुरू होताच तो पुढे झेपावतो, आणि पाना धरणारा मनुष्य नेमका मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो.

दुसरा धोका रात्रीचा. रावेर, यावल, चोपडा या भागांत केळीचा घड कापला की तो थांबत नाही. कापसाची ट्रॉलीही जिनिंगला जावयाची तर कित्येकदा दिवस मावळल्यावरच निघते. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात मिळतात, आणि त्यांवर अवजड वाहनांची ये-जा रात्रभर चालते. उतरत आलेल्या बॅटरीवर ट्रॉलीचा मागचा तांबडा दिवा प्रथम मंद होतो व पुढे दिसेनासा होतो. चालकास तो दिसत नाही, कारण तो पाठीमागे असतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यास ट्रॉली दिसते तेव्हा गाडी थांबविण्याइतके अंतर उरलेले नसते.

चाचणीस लागणारे मुख्य साधन एकच, साधा मल्टिमीटर. तो काही शे रुपयांत मिळतो आणि विहिरीवरील मोटारीच्या निमित्ताने गावात कोणाकडे तरी बहुधा असतोच. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावावा. आकडा १२.६ च्या आसपास आला तर बॅटरी भरलेली आहे; १२.२ आला तर ती अर्ध्यावर आहे. १२ च्या खाली गेला तर ती उतरलीच म्हणावयाची. आकडा साडेदहाच्या आसपास अडकला आणि बाहेर चार्ज करूनही वर सरकत नसेल, तर सहा घरांपैकी एक घर मेलेले असण्याचा संभव मोठा असतो. अशा बॅटरीस कोणताही अल्टरनेटर वाचवू शकत नाही. उलट तीच अल्टरनेटरला घेऊन बुडते. ज्या बॅटरीची झाकणे उघडतात तिच्या प्रत्येक घरातील आम्ल हायड्रोमीटरने पाहावे. पाच घरे सारखी आणि एक फार हलके निघाले, तर निदान तेथेच झाले.

यानंतर इंजिन सुरू करून मध्यम गतीवर ठेवावे व त्याच टोकांवर पुन्हा मोजावे. आता आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे, आणि पुढचे व ट्रॉलीचे सर्व दिवे लावल्यानंतरही तो साधारण साडेतेराच्या वर टिकला पाहिजे. चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचे पाणी उकळून जात आहे. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत हे पाणी आधीच लवकर आटते, आणि ते भरून काढताना शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती बॅटरीच्या मुळावर येते.

चार्जिंग होत नाही असे आढळले तरी अल्टरनेटरला पाना लावण्याची वेळ अजून आलेली नसते. प्रथम पट्टा पाहावा. दोन चाकांच्या मध्ये अंगठ्याने दाबला असता तो सुमारे अर्धा इंच दबावा. त्याहून फार सैल असला किंवा आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला असला, तर भार पडताच तो घसरतो आणि अल्टरनेटर निष्कारण बदनाम होतो. मग बॅटरीची टोके पाहावीत. त्यांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी विजेला अडविते; सर्व बंद करून, तारा सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती धुवावी, टोके घासावीत व घट्ट बसवून वर ग्रीस लावावे. ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडलेली अर्थची पट्टी तर पुष्कळांच्या गणतीतच नसते. मातीने, ऑइलने व गंजाने तिचा सांधा निकामी होतो आणि मग सेल्फही ओढत नाही व चार्जिंगही पुरते होत नाही. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना अल्टरनेटरचे मुख्य टोक आणि बॅटरीचे धन टोक यांच्यामध्ये मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक निघाला, तर दोष तारेत किंवा तिच्या सांध्यात आहे.

चार्जिंगच्या तांबड्या दिव्याकडेही लक्ष द्यावयास हवे. किल्ली फिरविली आणि इंजिन अजून सुरू केले नाही, अशा वेळी तो लागला पाहिजे. कित्येक अल्टरनेटरांत आरंभीचा प्रवाह याच दिव्यातून जातो. त्याचा बल्ब उडाला तर अल्टरनेटर निर्दोष असूनही जागा होत नाही. किरकोळ किमतीच्या एका बल्बापायी अख्खा अल्टरनेटर बदलला जावा, यापरता अपव्यय कोणता? इंजिन चालू झाल्यावर हा दिवा विझावयास पाहिजे. तो मिणमिणत राहिला, तर आत काही तरी बिघडत चालले आहे असे समजावे.

यांत्रिक बदलाची थोडी हकीकत येथे आवश्यक आहे. जुन्या ट्रॅक्टरांवर व जीपगाड्यांवर खरा डायनामो असे. त्याचा प्रवाह मूळचाच एका दिशेचा. त्याला आर्मेचर, कार्बन आणि शेजारी कटआउटसह रेग्युलेटरची पेटी. इंजिन मंद चालले की तो फारसे काही देत नसे. पुढे त्याची जागा अल्टरनेटरने घेतली. हा मंद गतीवरही बऱ्यापैकी वीज देतो. परंतु त्याची वीज उलटसुलट दिशांची असते व आतील डायोड ती एका दिशेची करतात. हे डायोड आकाराने लहान व प्रकृतीने नाजूक. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर ते क्षणात जातात. (काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्यास जोडलेले असे, त्या काळच्या सवयीने आजच्या गाडीवर तारा लावणाऱ्याची अशी फसगत होऊ शकते.) बोलण्यात मात्र अल्टरनेटरलाही ‘डायनामो’च म्हणण्याचा प्रघात राहिला आणि नावासोबत जुन्या सवयीही राहिल्या. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘चालतो की नाही’ हे पाहणे ही त्यांतील सर्वांत घातक सवय होय. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर बळी पडतो. म्हणजे जो भाग कदाचित चांगला होता, तो त्याची परीक्षा घेतानाच मारला गेला! ट्रॉलीचा हुक किंवा नांगराची दांडी ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच वेल्डिंग करून घेणे हेही तसेच. बॅटरीच्या दोन्ही तारा व अल्टरनेटरची जोडणी सोडविल्यावाचून वेल्डरला हात लावू देऊ नये.

एवढे पाहूनही दोष अल्टरनेटरचाच ठरला, तर मग रिबिल्ट भागाचा प्रश्न येतो. रिबिल्ट म्हणजे वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अल्टरनेटरचे कवच, चाक व लोखंडी गाभा यांस सहसा काही होत नाही. झिजतात ते कार्बन, बेअरिंग व स्लिप रिंगा, आणि बिघडतात ते डायोड, रेग्युलेटर व वाइंडिंग. हे भाग प्रामाणिकपणे बदलले तर जुना अल्टरनेटर पुन्हा कित्येक वर्षे काम देऊ शकतो. पंधरा-वीस वर्षांच्या ट्रॅक्टरसाठी नवा भाग मिळत नाही किंवा परवडत नाही, तेव्हा तोच खरा मार्ग असतो.

दोष आहे तो ‘पुनर्बांधणी’ या शब्दाखाली काय खपविले जाते त्यात. एक डायोड गेलेला असतो, तेवढाच बदलला जातो. त्याच उष्णतेत भाजून निघालेले बाकीचे तसेच राहतात व एकेक करून मान टाकतात. बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसविले जाते. स्लिप रिंगेवरील खाच तशीच ठेवून नवे कार्बन घातले जातात आणि ती खाच त्यांना लवकरच खाऊन टाकते. वाइंडिंग नव्याने केले तर तार मूळ जाडीची आहे काय, वार्निश नीट भाजून पक्के केले आहे काय, हे रंगाच्या आड दिसत नाही. मग तो नग दुकानातील यंत्रावर फिरवून मीटरवर १४ व्होल्ट दाखविले जातात आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. परंतु भार नसताना दाखविलेले १४ व्होल्ट फारसे काही सिद्ध करीत नाहीत. एक-दोन डायोड गेलेला अल्टरनेटरही भारावाचून चांगला आकडा दाखवू शकतो. दिवे लावताच तो खाली बसतो. बैलबाजारात बैल नुसता उभा पाहून कोणी इसार देत नाही. त्याला चालवून, ओढावयास लावून पाहतात. येथे तोच शेतकरी रंग पाहून पैसे मोजतो. आतून जोडला गेलेला डायोड तर याहून खट्याळ : तो रात्री, इंजिन बंद असताना, बॅटरीतील वीज परत अल्टरनेटरमध्ये झिरपू देतो आणि सकाळी दोष पुन्हा बॅटरीवर येतो.

आश्चर्य असे की, विहिरीवरील मोटार जळाली म्हणजे हाच शेतकरी किती चौकस होतो! रिवाइंडिंगच्या दुकानी तो स्वतः बसून राहतो, तांब्याची तार वजन करून घेतो, तारेचा नंबर विचारतो आणि जुने तांबे वजावटीत धरावयास लावतो. खान्देशातील बागायत विहिरींच्या व बोअरच्या मोटारींवर चालते, आणि ते ज्ञान अनुभवाने घरोघरी पोचले आहे. अल्टरनेटर ही त्याच मोटारीची भावकी. तेथे विचारावयाचे प्रश्नही तेच. फक्त ते विचारण्याची रीत अजून पडलेली नाही.

त्यातही अदलाबदलीचा व्यवहार विशेष जपून करावा. ट्रॅक्टरबरोबर आलेला मूळ अल्टरनेटर, ज्यात कदाचित कार्बनच झिजले असतील, दुकानी ठेवून त्याच्या जागी कोणत्या तरी अनोळखी गाडीवरून आलेला नग घेणे, यात शेतकऱ्याची बाजू बहुधा लंगडी पडते. कामाची घाई हे अदलाबदलीचे कारण सांगितले जाते आणि केळी कापलेली असताना ते खरेही असते. परंतु घाई नसेल तेव्हा आपलाच भाग आपल्यासमोर उघडवून दुरुस्त करून घेणे आणि काढलेले जुने भाग ताब्यात घेणे श्रेयस्कर. अदलाबदल करावीच लागली, तर निदान मूळ भाग दुरुस्त होईपर्यंत परत मागण्याचा हक्क राखून ठेवावा.

दुरुस्त केलेला भाग बसवितानाही एक पथ्य आहे, आणि त्याची चूक दुकानदाराच्या माथी मारता येत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर अल्टरनेटर जोडून थेट कामास निघाले, तर तो तासन् तास पूर्ण भाराने चालतो व तापून जळतो. त्याचे काम सेल्फने खर्च केलेली वीज भरून काढण्याचे, मेलेली बॅटरी जिवंत करण्याचे नव्हे. म्हणून बॅटरी आधी बाहेर चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी आणि मगच ट्रॅक्टर सुरू करावा. पाठोपाठ दोन-तीन रिबिल्ट नग जळाले, असे कोणी सांगितले तर प्रथम बॅटरी व तारा तपासाव्यात. एकाच ट्रॅक्टरवर ओळीने सगळेच नग वाईट निघावेत, याहून बॅटरीच सदोष असण्याचा संभव अधिक.

दुकानदारांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. चांगले बेअरिंग, पूर्ण डायोड-प्लेट आणि भरवशाचा रेग्युलेटर यांची किंमत ठरलेली असते. गिऱ्हाईक त्याहूनही कमी रकमेवर अडून बसले, तर ते काम कशाने होणार, हे उघड आहे. कुशल कारागीर खान्देशात कमी नाहीत. परंतु चांगले काम करणारा व नुसता रंग मारणारा यांच्यात फरक करण्याचे साधन गिऱ्हाईकाच्या हाती नसल्यामुळे दोघांनाही एकच भाव मिळतो, आणि त्यात पहिल्याचे नुकसान होते.

हे साधन म्हणजे लेखी पावती. तीत भागाचा क्रमांक, काय काय बदलले, दिवे लावलेल्या स्थितीत किती व्होल्ट दिसले आणि हमी किती महिन्यांची, एवढे चार शब्द असावेत. कायदा याच बाजूचा आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पुनर्बांधणी केलेला किंवा वापरलेला माल नवा म्हणून खपविणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि विकलेल्या मालाचे बिल न देणे हीही तशीच. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी या कायद्याने ग्राहक मानला जातो व जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मात्र पावती नसेल तर तेथे दाखविणार काय? ‘आपल्या ओळखीचा माणूस आहे’ म्हणून कोरा कागदही न घेणे ही भिडस्तपणाची रीत आहे, आणि भिडेची किंमत पुढे दोघांनाही द्यावी लागते.

या बाबतीत विस्तार यंत्रणेकडेही बोट दाखविणे भाग आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाद्वारे यंत्रे व अवजारे-बँका यांस अनुदान मिळत आले. यंत्र घेण्यास साहाय्य झाले. ते राखण्याचे शिक्षण त्या प्रमाणात गावापर्यंत गेले नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर-प्रशिक्षणाची संस्था आहे. भुसावळहून इटारसीमार्गे तेथे रेल्वेने जाता येते. परंतु प्रत्येक शेतकऱ्याने बुदनीस जावे, ही अपेक्षा वेडेपणाची होईल. तेथून शिकून आलेल्या एखाद्या तरुणाने आपल्या गावात दहा जणांना मीटर धरावयास शिकविणे शक्य आहे. पाल, ममुराबाद व धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रांनी पीक-प्रात्यक्षिकांच्या जोडीस असे अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवले, तर त्यासाठी वेगळा निधीही फारसा लागणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने याचा आरंभ आखाजीच्या आधी करावा. सालदारांचे नवे साल तेव्हाच ठरते, खरिपाची नांगरट पुढ्यात असते आणि उन्हाने बॅटरीचे पाणी आटण्याचे दिवसही तेच असतात. बाजाराच्या दिवशी एखाद्या मोकळ्या जागी सकाळी ट्रॅक्टर आणावयास सांगावेत. इंजिन बंद, इंजिन चालू आणि दिवे लावून, अशा तीन स्थितींतील आकडे मालकाच्या वहीत त्याच्याच हाताने लिहवून घ्यावेत. ज्यांचा आकडा चुकेल त्यांचा पट्टा, टोके, अर्थ व तांबडा दिवा तेथेच पाहता येईल. शेतकऱ्यांस आगाऊ एवढे मात्र कळवावे की, नुसती बॅटरी डोक्यावर घेऊन येऊ नये, ट्रॅक्टरच आणावा. आणि आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करवून आणू नये, कारण त्यायोगे खरा आकडा झाकला जातो.